नको म्हणायला शिकवण्याची नोकरी

लग्नकार्यात कुणी नवीन भेटलं की विचारतं, "काकू, तुम्ही कुठे होता नोकरीला?" मी सांगते, बायकांच्या आधारगृहात. की समोरची लगेच आवाज खाली आणते, जणू मांडवात कुणी वारलंय. "बाई गं! रोज तसलं ऐकायचं म्हणजे…" आणि माझ्या ताटात न मागता आणखी एक जिलबी पडते. अहो, आमच्याकडे जेवढं हसणं व्हायचं तेवढं तुमच्या भिशीतही होत नसेल. पण हे सांगायला गेलं तर लोकांना पटत नाही, म्हणून जिलबी खाऊन गप्प बसते. इथे मात्र गप्प बसणार नाही. दिवाळी अंकवाल्यांनी पानं दिलीयत, तर हक्काने बोलून घेते.

मी दहावी नापास. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा गणितात. आधारगृहात आले ती पोळ्या लाटायला. नाशिकात मखमलाबादच्या बाजूला आमची इमारत, मागे द्राक्षाची बाग, पुढे कडुनिंब. तेवीस वर्षांनी निवृत्त झाले तेव्हा कागदावर 'काळजीवाहक' लिहिलेलं होतं आणि बायकांच्या तोंडी 'मावशी'. मधलं सगळं शिक्षण ओट्यापाशी झालं, आणि उरलेलं अनघा मॅडमकडे. त्या मानसोपचाराच्या. आठवड्यातून दोन दिवस स्कूटीवर यायच्या आणि आल्या आल्या ओट्यावर डबा ठेवून म्हणायच्या, "मावशी, माझी भाजी तुम्ही खा, तुमची मला द्या." त्यांची भाजी फार वाईट असायची. पण त्या बदल्यात मी जे विचारेन ते सांगायच्या, आणि मी पुष्कळ विचारायचे.

आता आमचा धंदा काय ते नीट सांगते. मला आधी वाटायचं, मनावर आघात म्हणजे एक मोठा धक्का. अपघात झाला, घर जळालं, माणूस गेलं. तेही असतंच. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींवर एकदम आभाळ कोसळलेलं नव्हतं. रोज थोडं थोडं कोसळत होतं, लहानपणापासून, आणि पाडणारं माणूस घरातलं. अशा आघाताचा पीळ वेगळा. घरात चोर शिरला तर कुत्रं भुंकतं, चोर पळतो, कुत्रं पुन्हा अंगणात जाऊन झोपतं. पण चोर घरातलाच असेल, रोज भाकरी टाकणाराच असेल, तर कुत्र्याने भुंकायचं कुणावर? काही कुत्री मग दूधवाल्यावरही धावून जातात. आणि काही भुंकणंच सोडून देतात. बायकांना कुत्र्याची उपमा दिली म्हणून रागावू नका. मी प्रत्येकाच्या आत बसलेल्या राखणदाराबद्दल बोलतेय. तो तुमच्यातही आहे, माझ्यातही.

धावून जाणाऱ्या बायकांची सगळे तक्रार करायचे. गप्प बसणाऱ्यांचं कौतुक. आणि कौतुक करण्यात मी पहिली.

धावून जाणाऱ्यांपैकी मालेगावकडची एक आजी होती. जन्मभर आधी नवऱ्याचा मार खाल्ला, मग मुलाचा. अनघा मॅडमनी पहिल्यांदा जवळ बसून "आजी, कसं वाटतंय?" विचारलं, तर कडाडली, "माले काय व्हयनं शे व माय? तू किती वाळी गयी, आधी तूच डॉक्टरले दखाड!" मॅडम खरंच किडकिडीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा काय खाऊ." झालं! आजी दर आठवड्याला दाण्याचे लाडू वळायची, समोर बसून मॅडमना खायला लावायची, आणि त्या चावत असताना एकेक गोष्ट सांगून टाकायची. तोंडात लाडू असल्याने मॅडमना मध्ये बोलता यायचं नाही, ते तिला फार आवडायचं. आजी वर्षभरात मार्गी लागली. मॅडमचंही वजन वाढलं. आमच्या संस्थेचं हे यश कुठल्या अहवालात आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

पण मला सांगायचंय देवकीचं. नाव बदललंय. तिला फोन करून विचारलं, लिहू का? म्हणाली, "लिहा. पण काय झालं ते नको, बरी कशी झाले ते लिहा." तेवढंच लिहितेय.

देवकी सुरगाण्याच्या डोंगरातली. पाऊस संपला की कुटुंबाबरोबर द्राक्षबागांच्या कामाला खाली यायची, दिंडोरीकडे. आधी कुणी, मग कुणी, तिच्या वाट्याला जे आलं ते लहानपणीच सुरू झालं होतं. आमच्याकडे आली तेव्हा पंचविशीची असेल. तिची सात वर्षांची मुलगी छबी, तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांच्या घरात ठेवलेलं. आमच्याकडे मुलांची सोय नव्हती.

आता आमच्या घराची एक रीत होती आणि ती माझीच. नवीन बाई आली की पहिल्या रविवारी तिला मागच्या अंगणात पाटावर बसवायचं, कोमट तेलाने डोकं चोळायचं, शिकेकाईने न्हाऊ घालायचं, वेणी घालायची. माहेरपण म्हणा ना. कितीजणी माझ्या हाताखाली डुलक्या घ्यायच्या. त्या हाताचा मला गर्व होता. देवकीलाही बसवलं. दोन तास ती हलली नाही की आपणहून बोलली नाही. "जोरात होतंय का गं?" "नाय मावशी." "पाणी गरम आहे का?" "नाय मावशी." मी आत येऊन वहीत लिहिलं, 'नवीन महिला शांत व समजूतदार आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिवणवर्गातली कात्री घेऊन वेणी मुळापासून कापून टाकली. कापलेली वेणी नीट गुंडाळून माझ्या ओट्यावर आणून ठेवली आणि कांदे चिरायला बसली.

मला इतका राग आला! एवढं प्रेमाने केलं आणि ही अशी फेड? अनघा मॅडम आल्यावर मी सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मावशी, तेल लावताना ती कुठे बघत होती?"

मागे उभं राहून तेल चोळणाऱ्याला समोरच्याचं तोंड दिसतच नाही.

मग त्यांनी समजावलं. जीव धोक्यात आला की माणूस लढतो नाहीतर पळतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ज्या लेकराला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही, ते गोठतं. अंग तिथे, आणि माणूस कुठेतरी लांब. मोठेपणी मग मागून हात आला की आपोआप तेच होतं. तो हात मायेचा की मारायचा, हे बघायला ती जागेवर असतेच कुठे? "तिचं 'नाय मावशी' म्हणजे उत्तर नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ती निघून गेली होती."

मी आल्यापासून इतक्याजणींना तेल लावलं. त्यातल्या किती डुलक्या घेत होत्या आणि किती निघून गेल्या होत्या? हा हिशेब आता कोण देणार. पुढच्या रविवारपासून पाट माझ्यासमोर आला. मी समोर बसायचे आणि आधी विचारायचे. पुष्कळजणी नको म्हणायच्या. माझा हात मोकळा राहायला लागला, सवय व्हायला वेळ लागला.

पुढच्याच आठवड्यात एक प्रसंग झाला. शनिवारी मी देवकीला छबीकडे घेऊन गेले. देवकी पायरीवर बसून होती. पोरगी आतून धावत आली आणि आईची गंमत करावी म्हणून मागून येऊन तिचे डोळे झाकले. देवकीने इतक्या जोरात झटकलं की पोर कुंडीवर जाऊन आदळली. कपाळाला दोन टाके. छबी रडलीसुद्धा नाही, नुसती आईकडे बघत राहिली. आणि देवकी स्वतःच्या हातांकडे.

परत येताना रिक्षात म्हणाली, "मावशी, पोरीला दुसऱ्या कुणाला देऊन टाका. माझ्या हातात ती नाय जगायची."

मुलांबाबत निर्णय घेणारी समिती असते. त्यांनी सहा महिने दिले. तोवर आई मुलीला सांभाळण्याजोगी झाली तर ठीक, नाहीतर छबीसाठी दुसरं कुटुंब बघणार. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोराच्या कपाळावर टाके होते.

मी मॅडमच्या मागे लागले, लवकर करा. तिला बोलतं करा, रडू द्या, मोकळी होऊ दे. मला वाटायचं उपचार म्हणजे हेच. सुरुवातीच्या वर्षांत मी तसं केलंही होतं. एका तरण्या मुलीला शेजारी बसवून, "सांग गं, सगळं सांग, मन हलकं होतं" करत एका संध्याकाळी तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. ती सांगत गेली, मी पाठीवर हात फिरवत गेले. सकाळी ती मागच्या फाटकातून निघून गेली. कुठे गेली, काही कळलं नाही. तिचं नाव मी अजून देवापुढे घेते.

मॅडमनी त्या प्रकरणाची मला आठवण करून दिली नाही, एवढा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, "आधी तिला पाय टेकायला जमीन हवी. गोष्ट नंतर. आणि जमीन करण्याचं काम माझ्यापेक्षा तुमचं जास्त. मी तिच्याबरोबर आठवड्यातून दोन तास असते, तुम्ही दिवसभर."

"म्हणजे मी करायचं काय?"

"तिला नको म्हणायला शिकवा."

मला वाटलं, थट्टा करतायत. अहो, आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई नको म्हटल्याबद्दलच मार खाऊन आलेली! पण सुरू केलं. रोज दहा वेळा विचारायचे. देवकी, चहा? देवकी, खिडकी लावू? देवकी, इथे बसू की तिकडे? ती प्रत्येकाला "हो मावशी." मुद्दाम विचारलं, चहात मीठ घालू? "हो मावशी." आणि मीठ घातलेला चहा प्याली हो! तीन आठवडे असं चाललं.

एका दुपारी मी वाढायला गेले, तर तिने ताटावर हात आडवा धरला. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, वांगं नको."

मी हातातला भाजीचा डाव टाकून टाळ्या वाजवल्या. आमच्या स्वयंपाकीण सुमनबाई आतून बाहेर आल्या. "काय झालं?"

"देवकीने वांगं नको म्हटलं!"

"मग त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय? माझ्या वांग्याला काय झालंय?"

"सुमनबाई, तुमचं वांगं आज औषध झालं."

"औषध! इतकं कडू झालंय का?" सुमनबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. देवकी मात्र हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग भराभर नको यायला लागले. खिडकी लावू नका. माझ्या मागे बसू नका. माझी चादर तुम्ही घडी करू नका. अधीक्षक बाई म्हणाल्या, "ही फारच उद्धट व्हायला लागलीय." मी म्हटलं, "हो ना! बघा की!"

पण बरं होण्याची वाट काही सरळ नसते. मागच्या बागेत फवारणी सुरू झाली. ट्रॅक्टरचा आवाज, औषधाचा तो उग्र वास. मी डाळ निवडत होते, बघते तर देवकी नाही. शोधून शोधून शेवटी सापडली पाण्याच्या टाकीखाली, सिमेंटच्या खांबांमध्ये अंग मुडपून. डोळे उघडे, पण मला बघत नव्हते. तो वास तिला कुठे घेऊन गेला, ते तिचं आहे.

पूर्वीची मी असते तर हाताला धरून ओढली असती. आता मी तिच्या समोर, चार हात लांब, चिखलात फतकल मारून बसले. आणि बोलत राहिले. "देवकी, मी मावशी. आज मंगळवार. आपण नाशिकात आहोत. बागेत औषध मारतायत, द्राक्षांवर करपा रोग पडलाय म्हणून. तू पंचवीस वर्षांची आहेस. इथे फाटक आहे, ते उघडं आहे. मी इथेच बसलेय, जवळ येत नाही." हेच परत परत. गुडघे माझे तेव्हाच गेलेले, चिखलात बसून पाक आखडले. तासाभराने तिचा आवाज आला, "मावशी, साडी खराब झाली तुमची."

परत आली!

मॅडमनी तिला अशा वेळी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तिला तो आवडेना, "फोकाटचा वाटतो" म्हणाली. तिने स्वतःच मागितलं, मावशी, मूठभर नागली द्याल? त्यांच्याकडे नागलीची भाकरी खातात. ते दाणे मोहरीसारखे, बोटांतून सुळसुळ पळतात. पदराच्या टोकाला गाठ मारून ते बांधायची, आणि जीव घाबरला की गाठ सोडून बोटांत फिरवायची. मॅडमनी चेंडू परत पिशवीत टाकला. म्हणाल्या, "हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं." तशी मोठ्या मनाची डॉक्टर असावी लागते, दाण्यापुढे चेंडू मागे घेणारी.

चार महिन्यांनी कुठे गोष्ट सांगणं सुरू झालं, तेही तिनेच म्हटल्यावर. ती आणि मॅडम खोलीत, दार उघडं, मी दाराबाहेर लसूण सोलत. शब्द ऐकू येणार नाहीत इतकी लांब, आणि तिने मान वळवली तर दिसेन इतकी जवळ. तिने हात वर केला की मॅडम थांबायच्या. कधी दहा मिनिटांत हात वर व्हायचा, कधी तास होऊनही नाही. त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरात सोललेला लसूण कधी कमी पडला नाही. ती आत कधी रडली, कधी शिव्या दिल्या, आणि एकदा जोरात म्हणाली, "मी लहान होते!" तेवढं मला ऐकू आलं. माझ्या बोटांतली पाकळी खाली पडली.

आणि समितीचा दिवस आला. त्याआधी तीन शनिवार देवकीने छबीला शिकवलं होतं, "छबे, आईकडं पुढून यायचं. आधी हाक मारायची." पोरगी हुशार. "आई, मी पुढून येतेय!" असं ओरडत यायची, रेल्वेसारखी.

समितीच्या खोलीत लांब टेबल, तीन माणसं, अध्यक्ष मॅडमच्या नाकावर चष्मा. मला बसू दिलं, पण बजावलं, "तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मला! तोंडात पदर धरून बसले.

छबीला आत आणलं. आणि पोर ते पोर. तीन आठवड्यांचं सगळं विसरून आनंदाने धावत सुटली, थेट आईच्या पाठीमागून. देवकीचं अंग ताठ झालं. हात उठला. मी तो हात बघत होते, अर्ध्यात आलेला.

"छबे, थांब! नको. पुढून ये."

छबी जागच्या जागी थांबली. मग खुर्चीला वळसा घालून पुढे आली आणि उभी राहिली. देवकीने हात पुढे केला, पोरीने धरला.

अध्यक्ष मॅडमच्या कपाळाला आठ्या. "लेक इतक्या ओढीने धावत आली आणि तुम्ही तिला नको म्हणता?"

मला वाटलं, गेलं सगळं. मी उठणारच होते. पण देवकी बोलली.

"बाई, मागल्या वेळी माझा हात बोलला. पोरीला टाके पडले. आता तोंड बोलतंय. मागून कुणी आलं की माझं अंग घाबरतं, ते काय पुरतं जायचं नाय. पण आता मला आधी कळतं. मी सांगू शकते."

अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढला आणि छबीला विचारलं, "बाळा, तुला आईची भीती वाटते?"

"नाही," छबी म्हणाली. "तिला भीती वाटते. मी पुढून गेले की नाही वाटत."

तीन महिने एकत्र राहून बघायचं, मध्ये मध्ये समितीच्या माणसांनी भेट द्यायची, आणि मग कायमचं, असं ठरलं. त्या दोघींसाठी एक खोली आणि देवकीसाठी पाळणाघरातल्या स्वयंपाकाचं काम मी आधीच बघून ठेवलं होतं. अनघा मॅडम म्हणाल्या, "मावशी, निकाल यायच्या आधीच?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा माझा तुमच्या औषधावर विश्वास जास्त." (ते तीन महिने कधीच संपले. छबी आता नववीत आहे आणि गणितात माझ्यासारखीच.)

परत येताना रिक्षात एका बाजूला मी, एका बाजूला देवकी, मध्ये छबी कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. द्वारका चौकात ही गर्दी. पोरगी दिवसभर दमलेली. बोलता बोलता तिची मान लटकली आणि सगळं अंग देवकीवर कललं. डोकं दंडावर, एक हात तिच्या पोटावर. झोपलेल्या पोराने काय विचारायचं आणि काय हाक मारायची! मी घाबरून देवकीकडे बघितलं. पोरीला अलगद माझ्याकडे ओढून घ्यावं म्हणून हात पुढे केला आणि विचारलं, "घेऊ का गं मी हिला?"

"शू, मावशी," देवकी म्हणाली. "हळू बोला ना. उठेल ती."